चोवीस वाजताची नोंद

शनिवारी सकाळी स्वेटरमावशीची वही तपासणीसाहेबांच्या खोलीतून परत आली, ती त्रेचाळीस ठिकाणी लाल होऊन.

एकतीस वर्षं लसींच्या शीतगृहात काढलेली बाई. बाहेर अंगाची लाही होत असली तरी हिच्या अंगात करडा लोकरी स्वेटर, कारण आतल्या खोलीत दोन ते आठ अंशांच्या पलीकडे जगच नाही. दर चार तासांनी आत जायचं, तापमापीवरचा आकडा बघायचा, वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहून सही करायची. दिवसाला सहा नोंदी आणि दिवसाला एक पान. त्यातल्या रात्रपाळीच्या तीन नोंदी मावशीच्या. एकतीस वर्षांत तिने एक अक्षर खोडलं नव्हतं. आणि आता पानापानावर शेवटच्या ओळीवरून लाल रेघ ओढलेली, नापास पोराच्या पेपरासारखी.

मावशी वही घेऊन सरळ प्रोग्रामताईच्या टेबलाशी आली.

"ताई, हे तुझं मशीन म्हणतंय मी रात्री झोपते. खरं का गं?"

प्रोग्रामताई कागदोपत्री कनिष्ठ लिपिक. पण मुलं मोठी झाल्यावर तिने रद्दीवाल्याकडून सी भाषेचं एक जुनं पुस्तक आणलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत ते पाठ केलं. पुस्तकाची पहिली वीस पानं फाटलेली होती, म्हणून ती भाषा आपल्याला पान एकवीसपासून येते, असं ती सांगायची. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःहून शीतगृहासाठी एक प्रोग्राम लिहिला. वहीतल्या नोंदी रोज सकाळी टाइप करायच्या आणि महिन्याचा रिपोर्ट आपोआप निघायचा. कोणी शाबासकी दिली नाही, पण नाव पडलं. प्रोग्रामताई.

तिने रिपोर्ट पाहिला. साहेबांनी तपासणीसाठी काढलेला, पन्नास रात्रींचा. त्यांतल्या त्रेचाळीस रात्री मध्यरात्रीची नोंदच नाही. आणि वहीच्या शेवटी साहेबांचा शेरा होता: 'कर्मचारी कर्तव्यावर झोपत असून वहीतील नोंदी मागाहून भरल्या आहेत. सेवेतून कमी करण्याचा प्रस्ताव. सुनावणी सोमवारी अकरा वाजता.'

निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. बाईला आता 'झोपाळू आणि खोटारडी' असा शिक्का मारून घरी पाठवणार होते.

ताई तणतणत साहेबांच्या खोलीत गेली. साहेब बदलून येऊन तीन महिने झाले होते. अंगावर इस्त्रीची घडी मोडलेली नाही, तशी डोक्यातलीही.

"साहेब, मशीनला वहीतूनच कळतं. ते काय रात्री उठून शीतगृहात डोकावतंय का?"

"बाई, नोंदी रोज सकाळी टाइप होतात. सकाळी वहीत नोंद असती तर मशीनमध्ये आली असती. आली नाही, म्हणजे नंतर भरली." साहेबांनी हात जोडून टेबलावर ठेवले. "आणि रिपोर्ट तुमच्याच प्रोग्रामचा ना? मग भांडताय कशाला? उलट कौतुक करून घ्या. एकतीस वर्षांत जे कोणाला दिसलं नाही, ते तुमच्या प्रोग्रामने दाखवलं."

"मशीनही चुकतं."

"मग मावशींच्या सुट्टीच्या रात्री बदलीचा माणूस येतो, त्याच्या साती रात्री बरोबर कशा? मशीन काय एकट्या मावशींवर रुसलंय?"

ताईने रिपोर्ट उचलला. बाहेर आली तेव्हा मावशी भिंतीला टेकून उभी होती, स्वेटरची बाही ओढत. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, ताईला वाटून गेलं: वय झालं, लागला असेल डोळा.

मावशीने ते तिच्या तोंडावर वाचलं.

"असं होय," ती म्हणाली. "तुलाही वाटतंय."

"नाही हो मावशी…"

"राहू दे. चहा गार होतोय तुझा." आणि ती निघून गेली.

रविवारी सकाळी ताईने जेवणाचं टेबल रिकामं केलं. वहीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती नवऱ्यापुढे टाकल्या आणि टाइप झालेल्या नोंदींची फाईल उघडून स्वतः बसली. नवरा शिंपी. रविवारी त्याचे हात मोकळे असत आणि जीभही.

"वाचा. मोठ्याने. एक ओळ सोडायची नाही."

"लग्नाची यादी वाचल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला आणि चष्मा चढवला. "चौदा तारीख, सोळा वाजता, चार पूर्णांक तीन."

"आहे."

"चौदा तारीख, वीस वाजता, चार पूर्णांक दोन."

"आहे."

"चौदा तारीख, चोवीस वाजता, चार पूर्णांक एक. चोवीस वाजता? अगं, चोवीस वाजतात कधी?"

"त्यांच्याकडे वाजतात. जुन्या भांडारपालाने शिकवलंय त्यांना. दिवसाचं पान दिवसातच बंद झालं पाहिजे. शून्य लिहिलं तर नोंद दुसऱ्या पानावर जाते, मग या पानावर पाचच राहतात." ती स्क्रीनवर वाकली. "आणि ही बघा. चौदा, चोवीस शून्य शून्य, चार पूर्णांक एक. इथे आहे!"

नोंद टाइप झालेली होती. लगेच पुढच्याच सकाळी. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

ताईची कानशिलं तापली. म्हणजे साहेबांनी फाईल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती! एका माणसाची एकतीस वर्षं खोडायला निघाले आणि समोरची फाईल उघडायला बोट हललं नाही. लाल पेनाचं टोपण काढायला मात्र हात लगेच वळला.

"हाण आता त्यांना," नवरा म्हणाला.

"थांबा. फाईलमध्ये आहे आणि रिपोर्टात नाही. मध्ये खाल्ली कोणी?"

मध्ये दुसरं होतंच कोण? तिचाच प्रोग्राम.

तिने प्रत्येक ओळ वाचून झाल्यावर प्रोग्रामला काय समजलं, ते छापायला लावलं. आणि पाहिलं तर: चौदा तारीख, वीस वाजता. त्याखाली पुन्हा चौदा तारीख, वीस वाजता.

तिने त्या दोन ओळींवर एकेकदा बोट ठेवलं. मग नवऱ्याला सांगू लागली. सांगितल्याशिवाय तिला स्वतःलाच पटत नसे.

"सीमध्ये स्ट्रपटाइम म्हणून एक फंक्शन आहे. आपण त्याला मजकूर द्यायचा आणि नमुना द्यायचा: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, तास, मिनिट. ते मजकुरातून एकेक आकडा वेचतं आणि कप्प्याकप्प्यांच्या डब्यात टाकतं. डबा तसा विक्षिप्त, जानेवारीला शून्य म्हणतो आणि वर्ष एकोणीसशेपासून मोजतो. पण ते माहीत असलं की झालं."

"मग?"

"तास शून्य ते तेवीसच घेतं ते. चोवीस दिसले की तिथेच हात झटकतं. पण तोवर दिवस, महिना, वर्ष टाकून झालेलं असतं. तासाच्या कप्प्यात हातच लावत नाही. आणि डबा मी एकच ठेवलाय, सगळ्या ओळींना. न धुता. म्हणून तासाच्या कप्प्यात आधीच्या ओळीचे वीस तसेच."

"आणि दोन ओळी सारख्या दिसल्या की?"

"दुबार समजून एक गाळते. तेही मीच लिहिलंय. मोठ्या हुशारीने."

"पण जमलं नाही हे ते फंक्शन सांगत नाही?"

"सांगतं. जमलं नाही तर रिकामा हात परत करतं. मी त्याच्या हाताकडे बघितलंच नाही. नऊ वर्षं. आणि गंमत बघा, त्याच्या पुढचं जे फंक्शन आहे ना, त्याला चोवीस चालतात. ते गुपचूप उद्याचे शून्य करून घेतं. पण दारावरचाच चोवीसला आत सोडत नाही, तर आतल्याच्या चांगुलपणाचं करायचं काय?"

नवऱ्याने चष्मा काढला. "म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लागली नाही, तर मी आधीच्या गिऱ्हाइकाचं माप लिहून सदरा शिवायचा. आणि घट्ट झाला की म्हणायचं, तुमचंच पोट चुकलंय."

ताई हसली नाही. तिला तो सदरा मावशीच्या अंगावर दिसत होता.

बदलीच्या माणसाचं कोडंही सुटलं. तो नवा, त्याला भांडारपालाची शिकवण नव्हती. तो मध्यरात्रीला पुढच्या तारखेचे शून्य लिहायचा.

एकच राहिलं. मावशी तर एकतीस वर्षं चोवीस लिहीत होती. मग आधीची जवळजवळ नऊ वर्षं रिपोर्ट बरोबर कसा? ताईने आधीपासून नोंदी टाइप करणाऱ्या टंकनकाकांना फोन लावला. ते सात आठवड्यांपूर्वीच निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या जागी आलेली मुलगी जसं दिसेल तसं टाइप करायची.

"चोवीस ना?" काका पलीकडून म्हणाले. "मी तारीख एकने वाढवून शून्य टाकायचो. पहिल्याच महिन्यात तुझा रिपोर्ट वाकडा आला होता. म्हटलं, पोरगी हौसेने लिहितेय, कशाला नाउमेद करा."

"काका, मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या जागेवर आलेल्या मुलीला रागावू नकोस हं," काका म्हणाले. "ती करतेय तेच बरोबर आहे. टाइप करणाऱ्याने वहीला अक्कल शिकवू नये. मी शिकवली, ते चुकलं."

म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं एक म्हातारा तिची चूक रोज सकाळी मुकाट्याने शिवत होता आणि ती प्रोग्रामताई म्हणून मिरवत होती. संताप साहेबांवरचा होताच. आता त्याचा निम्मा वाटा ताईने स्वतःकडे ओढला. पण निम्माच. उरलेला तिने सोमवारसाठी नीट घडी घालून ठेवला.

सोमवारी अकरा वाजता खोलीत तिघं होती: साहेब खुर्चीत, मावशी उभी, ताई दारातून आत येणारी.

"तुम्हाला बोलावलं नव्हतं, बाई."

"माहीत आहे. चूक माझी आहे, म्हणून आले." तिने कागद टेबलावर पसरले. एकेक ओळ बोट ठेवून दाखवली: ही वही, ही टाइप केलेली फाईल, आणि हे माझ्या प्रोग्रामला समजलेलं. दुरुस्त केलेल्या प्रोग्रामचा रिपोर्टही ठेवला. त्यात पन्नासच्या पन्नास रात्री होत्या.

साहेबांनी कागद वरखाली केले. त्यांना ते समजलं, ते मूर्ख नव्हते. म्हणूनच ताईला जास्त चीड आली.

"म्हणजे तांत्रिक अडचण," ते म्हणाले. "ठीक आहे. प्रकरण बंद करतो. मावशी, या तुम्ही. आणि यापुढे शून्य लिहीत चला, सगळ्यांनाच सोपं पडेल."

मावशी हलली नाही. "बंद म्हणजे? मी उघडलं होतं का?"

"अहो, नोकरी वाचली तुमची."

"नोकरी माझीच होती, साहेब. तुम्ही वाचवली नाहीत, तुम्ही काढत होतात." तिने वही टेबलावर ठेवली. "मला ही वही साफ पाहिजे. उद्या मी गेल्यावर कोणी उघडली, तर त्याला काय दिसेल? रोज रात्री लाल रेघ. तो म्हणेल, कोण होती ही झोपाळू बाई?"

"लाल शाई पुसता येत नाही."

"मग पुसू नका," ताई म्हणाली. "शेजारी लिहा. खाडाखोड करायची नाही, दुरुस्ती सहीनिशी करायची, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर छापलाय. तो रात्रपाळीपुरताच आहे का?"

"बाई, तुम्ही स्वतःची चूक कबूल करायला आलात की मला शिकवायला?"

"दोन्ही. माझ्या प्रोग्रामने आकडा चुकवला साहेब, तो माझ्या माथी. पण 'झोपते' हे माझ्या प्रोग्रामने लिहिलं नव्हतं. त्याला तो शब्दच येत नाही. तो तुम्ही लिहिलात. एक फाईल उघडली असतीत तर लिहावा लागला नसता."

साहेबांनी पेन काढलं, ते लालच होतं. ताईने आपलं निळं पुढे केलं. त्यांनी शेऱ्याखाली लिहिलं: 'वरील शेरा चुकीचा होता. मागे घेतला आहे.' सही केली आणि वही ढकलली. "बाकीच्या ओळी तुम्ही करा. चूक तुमची ना?"

"माझीच," ताई म्हणाली.

ती वही घेऊन शीतगृहाच्या बाहेरच्या बाकावर बसली. मावशी शेजारी, पण हातभर अंतर ठेवून. पहिल्या लाल रेघेशेजारी ताईने लिहिलं, 'नोंद बरोबर. प्रोग्राम चुकीचा.' आणि सही केली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. 'वरीलप्रमाणे' लिहून भागलं असतं, पण तिने नाही लिहिलं.

विसावी रेघ झाली तेव्हा मावशी बोलली. "नऊ वर्षांत एकदा आत येऊन विचारायचंस ना गं, मावशी, तुम्ही वेळ कशी लिहिता म्हणून."

"हो."

"आणि शनिवारी तुझं तोंड…"

"हो, मावशी."

तिसाव्या रेघेला ताईची बोटं आखडली. आतल्या दाराच्या फटीतून गारवा येत होता. मावशीने स्वेटर काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला, जरा जोरातच.

त्रेचाळिसावी सही झाली. ताईने पेन ठेवलं.

"सहीखाली वेळ टाकायची असते," मावशी म्हणाली. "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नियमाने दर चौथ्या तासाची नोंद घ्यायची वेळ झाली होती. मावशी, पाळी तिची नसतानाही, आधीच उठून आतल्या दाराशी उभी होती, उघड्या दंडांनी, ताईची वाट पाहत.

"बारा शून्य शून्य," ताई म्हणाली, ते लिहिलं, आणि स्वेटर मावशीला परत देत तिच्या मागोमाग आत गेली.