कठड्यावरचं जाळं

आमच्या गावचा नदीकाठ देखणा झाला आणि गावातल्या लोकांचे दात पडायला लागले. पहिला दात बेकरीवाल्याचा. नव्या बाकावर कुणीतरी मासळीची टोपली ठेवली होती, ती त्याने पायाने ढकलली. टोपलीच्या मालकाने त्याच्या तोंडावर वल्ह्याची मूठ हाणली. फीत कापायला आलेले पाहुणे अजून गावाबाहेर पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्हा मासेमारांच्या दोन नावांना पहारीने भोकं पाडलेली सापडली. मग बेकरीच्या काचा फुटल्या. मग ते रोजचंच झालं.

आधी तिथे नुसता चिखलाचा उतार होता. नावा ओढून वर घ्यायच्या, रोवलेल्या दांड्यांवर जाळी वाळत टाकायची, तिथेच बसून विणायचं, तिथेच भांडायचं. आता गुळगुळीत दगडाच्या पायऱ्या आल्या, पार पाण्यापर्यंत उतरणारा चकचकीत कठडा आला, कुंड्या आल्या, दिवे आले. आमचे दांडे तेवढे उपटून नेले. मग आम्ही जाळी कठड्यावर टाकायला लागलो. फिरायला येणाऱ्यांच्या नाकाला वास झोंबायचा. जाळी टाकू नयेत असा फलक लागला, तो आमच्या लोकांनी उखडून नदीत बुडवला. राखणदार नेमला, तर शिट्टी गिळायला लावू अशी धमकी त्याला पहिल्याच आठवड्यात मिळाली. तेव्हापासून तो बिचारा माणसांकडे पाठ करून कुंड्यांना पाणी घालत असतो.

मला विचाराल तर काठ सुंदरच झाला होता. त्याचाच राग येत होता. कुरूप असता तर सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या असत्या आणि मोकळे झालो असतो.

माझा धाकटा भाऊ पलीकडच्या पक्षात गेला. नाव विकून त्याने काठावर फळांच्या रसाची गाडी लावली. नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्या भावाला पाण्याची भीती वाटायला लागली, म्हणून रस विकतोय," असं तो येताजाता ऐकवायचा. नवरा तापट आहे. मीही काही थंड नाही. आमच्या घरात बशा फार टिकत नाहीत.

आई मात्र आमच्या बाजूची. मासळीबाजारात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायची, "मी मेले तरी त्या दगडांवर पाय ठेवणार नाही! माझ्या नवऱ्याचा उतार गाडलाय त्यांच्याखाली!" बायका माना डोलवायच्या. आईला ते फार आवडायचं. वडील गेल्यापासून तिचं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते. आमच्यात जाळं कापत नाहीत. मासा अडकू दे, नाव अडकू दे, स्वतःचा पाय अडकू दे, गाठ सोडवायची, सुरी लावायची नाही. दुसऱ्याचं जाळं कापणाऱ्याला मालकाने तिथल्या तिथे मारायचं आणि इतरांनी मध्ये पडायचं नाही. लहानपणी मी असा एकाला मार खाताना पाहिला होता. तो माणूस पुन्हा कधी सरळ चालला नाही.

त्या दुपारी मी कठड्यावरचं जाळं उचलायला गेले. सगळी थंडी मी त्या जाळ्यात घालवली होती, बोटांची सालं निघेपर्यंत विणलं होतं. आणि त्याच्या पाण्यालगतच्या टोकाला आख्खा माणूस जाईल एवढं भगदाड. कडा तुटलेल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या. मी अशी किंचाळले की नवरा नावेतून उडी टाकून धावत आला. त्याने भगदाड बघितलं आणि मग वर बघितलं. वर माझ्या भावाची गाडी होती. भाऊ छातीपर्यंत भिजलेला. फळं कापायची सुरी समोरच पडली होती आणि तिच्या पात्याला आमच्या जाळ्याचे धागे चिकटले होते.

"तू कापलंस?" नवऱ्याने विचारलं.

"कापलं, दाजी."

"का?"

भाऊ ओला सदरा पिळायला लागला.

"अरे, बोल की काहीतरी!" मी ओरडले.

"काही नाही. कापलं." त्याने मान खाली घातली.

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ गाडीवर पडला, गाडी उलटली, बाटल्या फुटल्या, आणि नवऱ्याने त्याला केसांना धरून त्या काचांवरून पायऱ्यांपर्यंत फरफटत नेलं. बरगड्यांत लाथा घातल्या. भाऊ उठायला गेला की पुन्हा लाथ. जाळेवाले गोल करून उभे राहिले, हाताची घडी घालून. बाकांवरचे लोक लांब पळाले आणि लांबूनच फोन काढून बघत राहिले. रक्त त्या गुळगुळीत दगडावरून भराभर पायरी-पायरीने खाली उतरत होतं.

मी मध्ये पडले. रीत गेली खड्ड्यात, माझा भाऊ मरत होता. मी नवऱ्याच्या मनगटाला असे दात लावले की तोंडात रक्ताची चव आली. त्याने मला झटकलं, मी कुंडीवर आपटले, कुंडी फुटली. पुन्हा उठले, वल्हं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही.

"ज्या हाताने कापलंस तो हात दे," तो भावाला म्हणाला.

आणि भावाने हात दिला. स्वतःहून दगडावर उताणा ठेवला. नवऱ्याने जाळ्याला बांधायचं शिशाचं वजन उचललं. मी "अहो, नको!" म्हणेपर्यंत ते खाली आलं होतं. भाऊ गुरासारखा ओरडला.

तेवढ्यात मला आई दिसली. बायकांच्या घोळक्यात पुढेच उभी होती. कपडे कोरडे, पण केसांतून पाणी निथळत होतं. शालीचं टोक तिने दातांत धरलं होतं आणि एकाच पायावर भार देऊन ती उभी होती. लेकाचा हात मोडलेला बघून ती एक पाऊलही पुढे आली नव्हती.

मी तिच्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत तिचा झगा गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीवर लालभडक चौकोन उमटले होते, जिथे गाठ रुतली तिथे रक्त साकळलेलं. माझ्या विणीचे चौकोन. तेवढी बारीक वीण गावात दुसऱ्या कुणाची नाही.

"ताई, सोड तिला," भाऊ खालून म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "रोज दुपारी येते ती, कुणी नसतं तेव्हा. बाकावर बसते. मी रस देतो. आज पाण्यात पाय सोडायला खाली गेली आणि घसरली. पाय जाळ्यात अडकला, डोकं पाण्याखाली गेलं. गाठी सोडवत बसलो असतो तर गेली असती गं. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली तिने."

नवरा हातातल्या वजनाकडे बघत राहिला. मग त्याने ते नदीत फेकलं, काचांमधून सुरी शोधून काढली आणि कठड्यापाशी गेला. वरची कड मुठीत धरली आणि आमचं जाळं कापायला लागला. भर दुपारी, सगळ्या जाळेवाल्यांसमोर, स्वतःचं जाळं. तो रडत होता, नाक गळत होतं आणि सुरी चालतच होती.

तेव्हा आई ओरडली. शालीचं टोक तोंडातून सुटलं आणि ती लंगडत धावली, "अरे, नको! जाळं नको रे कापू! जाळं नको!"

ठोसा बसला तेव्हा ती बोलली नव्हती. हात मोडला तेव्हा बोलली नव्हती. माझा हात जन्मदात्या आईवर उठला, अर्ध्यात थांबला. तिला मारून माझा राग भागला नसता. मी नवऱ्याच्या हातातून सुरी घेतली. त्याने दिली.

उरलेलं मी कापलं. एक एक गाठ माझ्या ओळखीची होती. आई माझ्या पायाशी बसून पडलेले तुकडे गोळा करून उराशी धरत होती, हुंदके देत होती. नवरा पायरीवर माझ्या भावापाशी जाऊन बसला होता. त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

भाऊ मोडका हात पोटाशी धरून होता. तोंड सुजून त्याचा एक डोळा मिटला होता.

"ताई, पुरे गं," तो म्हणाला. "आई रडतेय."