आवाज जातो आणि येतो

तिसऱ्यांदा तीच तक्रार आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. पत्ता माझ्या माहेरचा, आणि या भागात टीव्हीचे बॉक्स दुरुस्त करणारी मीच. तरी बाबा मला फोन करत नाहीत, कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवतात. म्हणे, रीतसर नोंद असलेली बरी. पोटच्या पोरीवर एवढा विश्वास!

'आवाज मध्येच जातो, पुन्हा येतो.' तक्रार एवढीच. पहिल्या खेपेला चित्राचेही चौकोन होत होते. मागच्या गॅलरीत डिशच्या केबलचं टोक पाणी जाऊन गंजलं होतं, ते कापून नवीन बसवलं. चित्र स्वच्छ झालं. रिमोटची बटणं झिजली होती म्हणून नवा रिमोट दिला आणि जुना फेकून द्यायला सांगितला. दुसऱ्या खेपेला तर अख्खा बॉक्सच काढून त्याच जातीचा नवा बसवला. दोन्ही वेळा मी तास-तासभर बसले, पण आवाज एकदाही गेला नाही. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबावी तसं. मी निघाले की संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू.

आज चार वाजता पोहोचले तर दाराशीच बाबांची हत्यारांची पेटी, दोरीने करकचून बांधलेली. बाबा पियानो सुरात लावून देतात. चाळीस वर्षं तेच काम. तारा पिळायची किल्ली, सूर धरायचा चिमटा, जाड लोकरी फेल्टच्या पट्ट्या, सगळं त्या पेटीत. दोन महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ते घरीच होते, पण पुढच्या आठवड्यापासून कामावर जायचं ठरलं होतं.

"ही कुठे निघाली?" मी विचारलं.

"पाच वाजता तो दुसरा पियानोवाला येतोय. त्याला देऊन टाकतो."

"देऊन टाकता? का?"

"कान गेले माझे."

"काहीतरीच! बॉक्समध्ये बिघाड असेल."

"तूच दोनदा सांगितलंस, बॉक्स ठणठणीत आहे." बाबांनी डोळे मिटूनच मान वळवली. ते टीव्ही बघत नाहीत, नुसता ऐकतात. पियानोवादनाचा कार्यक्रम लावायचा, पडद्याकडे पाठ करायची आणि डोळे मिटून बसायचं. "आणि टीव्हीचा आवाज गेला की आत तुझ्या आईची भांडीही वाजायची थांबतात. भांड्यांनाही बॉक्स बसवलायस का?"

ही पेटी एकदा दारातून बाहेर गेली की बाबा पुन्हा कामाला म्हणून घराबाहेर पडणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"बहिरा माणूस पियानो लावायला गेला तर ती लबाडी होते," ते म्हणाले. "मी लबाडी करणार नाही."

घड्याळाकडे बघत मी कामाला लागले. आवाज बंद केला आणि सिग्नलचे आकडे पडद्यावर आणले. ही माझी जुनी सवय. गोंगाटात आकडे नीट वाचता येत नाहीत. आकडे उत्तम. बॉक्सच्या मागची वायर काढून घातली, टीव्हीची सेटिंग्ज तपासली, चॅनेल पुन्हा शोधले. काहीच सापडेना. साडेचार झाले. मी उगाचच वायरवर डाफरले. बाबांचा कार्यक्रम परत लावून दिला आणि नवी केबल आणायला खाली गाडीकडे पळाले.

येताना मागच्या जिन्याने थेट गॅलरीत आले. डिशपाशी वाकले, तर लगतच्या खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. आई गाजरं चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, एप्रनच्या खिशातून तो झिजलेला जुना रिमोट काढला आणि दाराआडून हात लांब करून बैठकीकडे धरला. पियानो थांबला. आई तशीच उभी, स्वतःचा श्वासही रोखून. बैठकीत बाबा खाकरले. आईचे खांदे खाली आले. तिने बटण दाबलं, पियानो सुरू झाला, सुरीही सुरू झाली.

माझा पारा असा चढला! तरातरा आत गेले.

"आई! तीन खेपा घातल्या मी, तीन!"

तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "हळू बोल. सारखं डोकावलं की चिडतात ते. परवा म्हणाले, मी मेलोय का ते बघायला येऊ नकोस. मग काय करू? टीव्ही गप्प केला की त्यांचा श्वास ऐकू येतो. नाहीतर खोकतात तरी. तेवढं मला पुरतं."

"मग मी असताना कसा आवाज जात नाही?"

"तू त्यांच्याजवळ बसलेली असतेस ना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली. बाबांची औषधं, बाबांचा आहार, सगळं मी विचारत होते. दिवसभर तू काय करतेस, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आई, त्यांना वाटतंय आपले कान गेले. पेटी देऊन टाकतायत."

"मला तर म्हणाले, धूळ बसते म्हणून बांधलीय!" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. पियानोवाला आत आला. बाबांनी हात नुसता पेटीकडे केला, आणि तो संकोचत ती उचलायला वाकला. मी बोलायला तोंड उघडणार, तोच आई मला बाजूला सारून पुढे गेली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"डोळे उघडा. आणि पडद्याकडे बघा."

बाबा वळले. तिने बटण दाबलं. पियानो थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण आली.

"मीच करते हे. भांडीही मीच थांबवते. तुमचा श्वास ऐकायला."

बाबा पडद्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

"दिवसातून किती वेळा?"

"भीती वाटते तितक्या वेळा."

बिचाऱ्या पियानोवाल्याला कुठे बघावं ते कळेना. "मी नंतर येऊ का?" तो पुटपुटला.

"येऊ नका," बाबा म्हणाले, "म्हणजे, चहाला या कधीतरी. पेटी मला लागणार आहे."

तो गेला. आई खाली मान घालून स्वयंपाकघरात परतली. बाबांनी टीव्ही बंद केला, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि चालायला लागले.

"अहो, उचलू नका! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आई आतून ओरडली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली.

बाबांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि धापा टाकत तिच्यावर बसले.

"इथून ऐकू येतोय ना मी?" त्यांनी विचारलं.

आई हो म्हणाली आणि ओट्यावर डोकं टेकून रडायला लागली.