मुंगीने ओढलेला दोर

मित्रांनो, शाळेच्या अडगळीत वेटोळं घालून बसलेला मी दिसलो, तर साप समजून पळू नका. मी रस्सीखेचीचा एक जुना दोर आहे.

मला वळणारे आजोबा मोठे भाविक. देवाचं नाव घेतल्याशिवाय एक पेड चढवत नसत. "एकटा धागा चिमुरडंही तोडेल," ते मला म्हणायचे, "पीळ बसू दे, मग बघ!" शेवटी त्यांनी मला मापापेक्षा दोन हात लांबच ठेवलं. म्हणाले, "असू दे. कोणीतरी उशिरा येतंच."

पुढे खेळाच्या बाईंनी मला एका लहानशा गावच्या शाळेत आणलं. तिथल्या मुली निम्मा दिवस विहिरीवर, वेळ उरलाच तर शाळेत. बाईंनी आठ जणींचा संघ बांधला. सगळ्यांत मागे, माझं टोक खांद्यावरून घेऊन, मुंगी. जीव एवढासा, पण ओझं दुप्पट उचलायची, म्हणून ते नाव. खेळाच्या ओढीने मुली वर्गातही टिकू लागल्या. मुंगी तर मला ओढता ओढता पाढे म्हणायची.

एक दिवस तिची आई तरातरा मैदानावर आली. "बाई, दोरच ओढायचा तर आमची विहीर काय वाईट आहे? तिथे निदान हंडा तरी भरतो!"

"ताई, एवढा सामना होऊ द्या," बाई म्हणाल्या.

"होऊ दे. पण हरल्या तर हिची शाळा बंद. आधीच सांगून ठेवते."

मुंगीने माझं टोक पुन्हा खांद्यावर घेतलं.

सामना मोठ्या शाळेशी होता. त्यांच्या पायांत बूट, आमच्या अनवाणी. पहिली खेच आम्ही पापणी लवायच्या आत हरलो. का, ते मला कळत होतं. पण दोराला कुठली वाचा? आमच्या मुली मला विहिरीवरच्यासारखं ओढत होत्या. एक हात सोडायचा, दुसरा पुढे टाकायचा. हात सुटला की मी निसटायचो. बाईंनी शंभरदा बजावलं होतं, पण हाताला लागलेलं वळण असं थोडंच जातं!

दुसऱ्या खेचीलाही तेच. मी सरसर निघालो. इतक्यात गर्दीतून मुंगीची आई कडाडली, "अगं ए मुंगे! बादली कपारीत अडकल्यावर असा हात सोडतेस का? टाचा रोव आणि मागे रेल!"

हे मात्र सगळ्यांना उमगलं. आठ जणींच्या टाचा मातीत रुतल्या. सोळा हातांची पकड अशी बसली, की मला आजोबांच्या तळहातांचे घट्टे आठवले. समोरचे बूट घसरू लागले. ती खेच आमची, आणि तिसरीही!

"आई, जिंकलो गं!"

"दिसलं मला. आंधळी नाही मी." आईने लेकीच्या खांद्यावरून मला उतरवलं, तिचे सोललेले तळवे पाहिले. मग म्हणाली, "उद्यापासून विहिरीचा दोर माझ्याकडे. तू हा धर. आणि ते पाढे पण."

मित्रांनो, आता मी विरलो आहे. भिजलो तर मला उन्हात वाळवा, पेड सुटला तर बांधा. आणि मैदानाच्या कडेला एखादी मुलगी हंडा घेऊन नुसतीच बघत उभी असेल, तर तिला हाक मारा. आजोबांनी राखलेले ते दोन हात तिचेच आहेत.