दोनशे मेसेज

दवाखान्यात रेंज यायची ती फक्त खिडकीच्या कट्ट्यावर. म्हणून बटणांचा जुना फोन दिवसभर तिथेच पडून असे. शहरातली लॅब तपासण्यांचे निकाल त्यावर मेसेजने पाठवी. नाव नाही, नुसता नमुन्याचा नंबर आणि एक ओळ.

सिस्टरचा एक नियम होता. ज्याचा निकाल त्याच्या कानावर घातल्याशिवाय मेसेज पुसायचा नाही. वहीतलं वहीतच राहतं, फोनमधलं डोळ्यांसमोर असतं, असं तिचं म्हणणं. एकोणीस वर्षं एकटीने दवाखाना रेटून ती पार थकली होती, पण नियम सोडला नव्हता.

आज एक बाळंतीण तिसऱ्यांदा आली. थायरॉइड बघायला बाळाच्या टाचेचं रक्त पाठवलं होतं. बिचारी दोन तास चालून यायची आणि निकाल आला का विचारायची. सिस्टरने आजही नाही म्हटलं, वर लॅबच्या नावाने बोटं मोडली. बाळाचा काही त्रास नाही, बाळंतीण म्हणाली. रडत नाही, नुसतं झोपून असतं.

बाळाचं असं झोपून राहणं हेच थायरॉइड कमी असल्याचं लक्षण, हे सिस्टरला ठाऊक होतं. तिला बाकावर बसवून तिने लॅबला फोन लावला.

"बारा दिवस झाले पाठवून," तिथला माणूस म्हणाला. "तुमचा फोन भरलाय, सिस्टर. जागा करा, परत पाठवतो."

तिने पाहिलं. दोनशेपैकी दोनशे. सगळे निकाल घ्यायला न फिरकलेल्यांचे. पहिला दीड वर्षापूर्वीचा, खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा. तो कधीच गेला होता, त्याच्या मृत्यूची नोंद तिनेच केली होती. तरी मेसेज ठेवला होता, कारण त्याला सांगायचं राहिलं होतं. आता तिने तो पुसला.

फोन थरथरला. "थायरॉइड फार कमी. औषध आजच सुरू करा."

तिने गोळी चुरली, चमचाभर दुधात कालवली. फोन भरल्याचं न सांगता ती गप्प बसली असती तरी बाळंतिणीने तिचे आभारच मानले असते. तेच तिला सोसवेना.

"आत्ता आला का निकाल?" बाळंतिणीने विचारलं.

"नाही गं. बारा दिवसांपूर्वीच निघालेला. माझ्याच फोनात जागा नव्हती."

बाळंतिणीने बाळाचं तोंड चमच्याकडे वळवलं.

"म्हणजे मागच्या खेपेला मी आले, तेव्हा..."

"हो," सिस्टर म्हणाली.

बाळाने चमचा चाटला आणि पुन्हा झोपी गेलं.