सीताबाईनं केलेलं आळं

सीताबाईनं वाळली काडी रोवली तरी फुटते, असं रिसोडच्या बाजारात म्हणत. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या विकून तिचा नि भगवंतरावाचा संसार नीट चालला होता. दृष्ट लागण्यासारखं काही नव्हतं, पण लागली.

मागच्या पावसाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर गांजाचं एक झाड आपसूक उगवलं. भगवंतराव म्हणाला, "उपटून फेक, नसती आफत." पण हात माळणीचा, उगवलेलं उपटवेना. शिवाय गाईचं पोट फुगलं की चार पानं गुळातून चारायची, ही सासूपासूनची रीत. बरं, ठेवलं तर ठेवलं, गप बसावं की नाही? बाईनं त्याला गोल आळं केलं, तुराटीचा आधार दिला, वांग्यांबरोबर शेणखतही टाकलं. सवयच तशी, त्याला कोण काय करणार!

दिवाळी झाली नि पोलिसांची गाडी दारात आली. खबर कोणी दिली, देव जाणे. जमादार भला माणूस. त्यानं स्वतःच वाट दाखवली, "आपसूक उगवलं असंल नं, भगवंतराव?"

"हो साहेब, आपसूकच."

जमादार खाली वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. "मंग हे आळं? हे तुराटी? पंच उभे हायेत, जे दिसते ते लिहाच लागते मले."

सीताबाईनं तोंड उघडायच्या आत भगवंतराव बोलला, "म्या केलं."

"अवो, काहून खोटं बोलता? साहेब, आळं मी केलं."

"तिचं ऐकू नका साहेब, घाबरली हाय ते."

जमीन त्याच्या नावावर, कबुली त्याची. त्यालाच नेलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याबाहेर वकिलानं तिला बाजूला घेतलं. "काकू, एक झाड असो की एकरभर, लावणं-जोपासणं गुन्हाच. कोणी हात लावला नसता तर मले भांडता आलं असतं. आता तुमी खरं सांगसान तर ते सुटनार नाई, वरून तुमीही आत जासान. माघात तुमच्या पोरीचं, तनुजाचं लगन हाय. एकानं तरी बाहेर राहा."

सीताबाईला रडूही येईना. खरं बोलून नवरा सुटत नाही आणि खोटं बोलायला जीभ वळत नाही, अशी तिची गत झाली होती.

आत भगवंतराव बाकावर बसला होता, कालच्याच सदऱ्यात. जबाब लिहिणाऱ्यानं विचारलं, "झाडाले पाणी कोण घाले?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच विनवत होता.

"मले काई माईत नाई."

"झाडाझुडपाचं तुमी दोघंच तर करता. कोण घाले?"

सीताबाईनं बोट उचललं. "हे," ती म्हणाली.

भगवंतरावानं मान हलवली, शाब्बास म्हटल्यासारखी. मग जबाब लिहिणाऱ्यानं दाखवलं तिथं तिनं सही केली.