चारही चाकं शून्य

मांपाँगला चुलत भावाच्या अंत्यविधीला निघालेल्या बिरागोबाईंच्या, दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या जुन्या गाडीने भर रस्त्यात टाहो फोडला. स्टिअरिंगपुढच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि चारही चाकांपुढे हवेचा आकडा आला: शून्य.

बाई घाबरून उतरल्या. कुमासीच्या बाजारात तीस वर्षं कापड विकलेला त्यांचा हात. चारही टायर दाबून पाहिले. दगडासारखे टणक!

शेजारी बसलेले चर्चचे डीकन अडोम गंभीर झाले. "एक चाक बसलं तर खिळा म्हणावा. चारही एकदम? बाई, हे कुणाचं तरी करणं आहे."

त्यांनी प्रत्येक चाकावर हात ठेवून प्रार्थना केली. आकडे हलले नाहीत.

"मागच्या उजव्याची जरा जोरात करा," बाई म्हणाल्या, "तिथं तुम्हाला खोकला आला होता."

शेवटी गाडी गोगलगायीसारखी निघाली. मागून आलेल्या, प्रवाशांनी खच्चून भरलेल्या ट्रोट्रोतून एक जण ओरडला, "आई, गाडी चालवतेस की मिरवतेस?"

झाडाखाली टायरवाल्या मल्लम इद्रिसूचं दुकान लागलं. त्याने हवा मोजली. "बरोबर आहे. हवा मोजून रेडिओवर गाडीला कळवणारं एक यंत्र प्रत्येक चाकात असतं, वाल्व्हच्या बुडाशी. तेच खोटं बोलत असेल."

त्याने एक टायर उघडला. आत यंत्रच नव्हतं!

"मग बोलतंय कोण?" डीकन दोन पावलं मागे सरले.

इद्रिसूने डिकी उपसली. जादा चाकाखाली नळकामात वापरतात तसला जाड पाइप होता, दोन्ही तोंडं बंद, पण एका टोकाला बारीक चीर. त्याने तो कापला. आत चारही यंत्रं गुण्यागोविंदाने बसलेली!

इद्रिसू पोट धरून हसू लागला. "आधीच्या मालकानं दिव्याची कटकट नको म्हणून यांना हवाबंद पाइपात कोंडलं! घेतल्यापासून तुमची गाडी पाइपाची तब्येत सांगत होती, मावशी. आज तो पंक्चर झाला."

"म्हणजे चाक खरंच बसलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"गाडी म्हणाली असती, सगळं झकास."

यंत्रं चारही चाकांत बसेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत.

मांपाँगला पोचल्या तेव्हा भाषणं संपली होती. भावाची विधवा रागाने म्हणाली, "एवढा उशीर?"

"पाइप पंक्चर झाला गं," बाई म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं. डीकनांच्या प्रार्थनेपर्यंत येताच विधवा पदरात तोंड लपवून गदगदू लागली. लांबच्यांना वाटलं, बिचारी रडतेय.