व्हय गे माय

पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणत प्रज्योत कुशीवर पडून होता. सुनयनानं ओव्याचं पाणी दिलं, तर घोट घशाखाली उतरेना. उजाडल्यावर तिनं नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं. दोन्ही पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि काही केल्या त्याला त्या उचलता येत नव्हत्या.

सासूनं, केशरनं, अंथरूण झटकलं. चटईखालून पांढऱ्या पट्ट्यांची काळी मण्यार निघाली आणि भिंतीच्या भेगेत गेली.

सासऱ्याचा, लाडूचा, धाकटा भाऊ वासू शेजारच्या घरातून धावत आला. "दादा, देवळात न्हेऊन घालूया ह्याला. देवीच्या पायाशी. दिग्गीसारख्या गावातनं दवाखाना गाठस्तवर काय ऱ्हातंय?"

लाडू, प्रज्योतचा बाप, गावचा गाऱ्हाणं घालणारा. पेरणी असो, लग्न असो, दुखणं असो, ग्रामदेवी सातेरीपुढं उभं राहून गावाच्या वतीनं बोलायचा मान त्याचा. तो देवळाकडंच निघणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं लेकाला खांद्यावर घेतलं.

"जीप बोलाव," तो वासूला म्हणाला. "गाऱ्हाणं मी वाटंनं घालीन. माय काय देवळातच कोंडून बसलीया?"

रामनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत प्रज्योतची मान एका बाजूला कलली होती. डॉक्टरांनी विषावरचं औषध चालू केलं, तोवर छातीचं हलणंही थांबत आलं. त्यांनी घशात नळी घातली आणि तिला एक रबरी फुगा जोडला.

"श्वासाचं यंत्र इथं नाही, बेळगाव गाठायला हवं," ते म्हणाले. "विषानं सगळं अंग लुळं पडलंय, छातीसुद्धा. विष उतरेपर्यंत श्वास आपण द्यायचा. हा फुगा दाबायचा, सोडायचा. थांबायचं नाही."

अँब्युलन्समध्ये घरच्यांसोबत नर्स रेश्मा फुगा दाबत बसली; जीप मागून येत होती. लोंढ्याच्या पुढं गाडी थांबली. पावसानं भला मोठा मत्तीचा वृक्ष रस्त्यावर आडवा पडला होता आणि दोन्ही अंगाला गाड्यांची रांग लागली होती. रेश्माचे हात भरून आले, तेव्हा सुनयनानं फुगा मागून घेतला.

"घाई करू नका," रेश्मा म्हणाली. "भराभर दाबलात तर उपयोग नाही. मध्ये जरा दम द्या."

सुनयनाची बोटं मात्र भीतीनं भराभर चालत होती. ते पाहून लाडूनं हात जोडले आणि देवळात बोलायचा त्याच संथ सुरात तो बोलू लागला.

"बाय माझे सातेरी, ह्यो तुझ्या रानातला ल्योक..."

"व्हय गे माय," केशर म्हणाली. गाऱ्हाण्याला गाव देतो तीच साथ. त्या 'व्हय'वर सुनयनानं फुगा दाबला.

"तुझ्या मातीत वाढला, तुझा भात खाऊन मोठा झाला..."

"व्हय गे माय."

लय बसली. रेश्मानं मान हलवली, अस्संच.

वासूनं वाकून पुतण्याची पापणी उघडून पाहिली. बुबुळ जागचं हललं नाही. "दादा, गेलाय रे त्यो," तो रडत म्हणाला. "मेलेल्याला कशापायी तरास देतासा?"

"नाडी लागतीय," रेश्मा म्हणाली.

"वासू," लाडू म्हणाला, "तुझ्यानं हितं बसवत न्हाई तर खाली उतर. कोयता हाय न्हवं जीपमधी? झाड तोडाय लाग."

मागून आलेल्या जीपमधला कोयता घेऊन वासू त्या पावसात उतरला. त्याच्यामागं ट्रकवाले उतरले, बसमधले चार गडी उतरले. फांद्या तुटल्या, दोरखंडानं खोड बाजूला ओढलं गेलं, तोवर फुगा सुनयनाकडून केशरकडं आणि केशरकडून पुन्हा रेश्माकडं गेला होता.

बेळगावच्या दवाखान्यात यंत्रं सगळी अडकलेली. एक मोकळं होईपर्यंत थांबा, म्हणाले. डॉक्टर येऊन औषध देऊन, तपासून गेले. रेश्माला गाडीबरोबर परतावं लागलं. व्हरांड्यातल्या खाटेभोवती घरची माणसं उभी राहिली. वासूही भिजल्या अंगानं येऊन फुगा दाबायच्या पाळीला लागला.

दुपार कलली. लाडूचा आवाज बसत चालला होता. "बाय माझे..." एवढं म्हणून तो थांबला. ओठ हलले, शब्द आला नाही. त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले. केशर त्याच्याकडं बघत राहिली. फुगा सुनयनाच्या हातात होता आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

बाईमाणसानं कधी गाऱ्हाणं घातलेलं सुनयनानं पाहिलं नव्हतं. त्यात सासऱ्यासमोर. माय, तूच अशी मान खाली घालून गप बसलीस, तर पोरानं कुणाकडं बघायचं? तिनं देवीला मनातल्या मनात एवढंच विचारलं आणि तोंड उघडलं.

"बाय माझे सातेरी, मला आबांवानी मोठं बोलता येत न्हाई..."

मग वासूच बोलला, "व्हय गे माय."

"माझा हात दुखाय लागलाय. तू धर."

"व्हय गे माय."

"मी न्हाई सोडायची. तूबी सोडू नगंस."

"व्हय गे माय," लाडू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

संध्याकाळी यंत्र मिळालं. त्यानंतरचे दिवस काचेच्या दाराबाहेर गेले. डॉक्टर आशा देईनात, नाहीही म्हणेनात. रोज सकाळी चौघं दाराशी उभी राहून गाऱ्हाणं घालत आणि आता ते कधी लाडू बोले, कधी सुनयना. मग एका सकाळी प्रज्योतच्या पायाचा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी पापणी.

नळी निघाल्यावर त्याला बोलायला दम पुरत नव्हता. "मला सगळं ऐकू येत हुतं," तो थांबत थांबत म्हणाला. "आबा मधीच गप झाला. तवा लई भ्यालो."

लाडूनं त्याचं पांघरूण नीट केलं.

"मग तू," प्रज्योत सुनयनाकडं बघत म्हणाला.

तिनं पेजेचा चमचा त्याच्या ओठाला लावला. पहिला घोट बाहेर आला. तिनं पदरानं हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा भरला. तो गळ्याखाली उतरला.